कठड्याला बांधलेला मफलर

एथनाच्या डाव्या हाताला कोण चालणार यावरून माझं आणि फर्गलचं सकाळी सकाळीच वाजलं. उजव्या हाताला चालण्यात काही अर्थच नसतो. तिचा उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला. आत गाठ झाली होती, ती काढताना ऐकू येणंही गेलं. त्यामुळे एथनाशी ज्याला बोलायचं असेल त्यानं डावीकडे यायचं, ही आमची जुनी शिस्त. पण व्हिएन्नाचे फुटपाथ कितीही ऐसपैस असले, तरी पाठीवर कपाटाएवढ्या सॅक घेतलेली तीन माणसं एका ओळीत चालायला लागली की समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या बायका आपल्या कुत्र्यांना उचलून घेतात आणि आपल्याकडे असं बघतात, की जणू कुत्रा आपणच आहोत.

"काल दिवसभर तूच होतीस," फर्गल म्हणाला. "आज माझा नंबर."

"तू काय बोलणारेस तिच्याशी? ट्रामला वीज कुठून मिळते ते?"

"निदान नवीन काहीतरी सांगेन. तू काल त्या मर्फी ड्रायव्हरची गोष्ट तिसऱ्यांदा सांगितलीस."

"तिला आवडते ती!"

"ए, दोघंही मागे चला बरं," एथना म्हणाली. "मला जरा शांतता हवीय."

शांतता म्हटल्याबरोबर आम्ही दोघंही गार पडलो. कारण शांतता तिला आता जन्मभर पुरेल एवढी मिळणार होती. डाव्या बाजूलाही तशीच गाठ निघाली होती. आमच्या गावी, कॉर्कला परतलो की ऑपरेशन. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गाठ निघेल, जीव वाचेल, ऐकणं जाईल. उरलेल्या दिवसांत तिला काय करायचंय असं मी विचारलं, तर म्हणाली, कुठेतरी जाऊ या, तिघंच, सॅक घेऊन, जमेल तेवढ्या स्वस्तात. आणि विमानतळावरच तिनं एक अट घातली. या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. आपसात नाही, परक्यासमोर तर मुळीच नाही. जो बोलेल त्याच्याशी मैत्री संपली.

फर्गलला ते सोपं गेलं. तो वायरमनचं काम शिकतो, दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतो. माझं तसं नाही. मी टॅक्सी कंपनीत फोनवर बसते. अख्ख्या कॉर्कचं भांडण सकाळ-संध्याकाळ माझ्या कानात ओतलं जातं, आणि मी ते दुसऱ्या कुणाच्या तरी कानात ओतल्याशिवाय घरी जात नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, हे माझी आई मी चार वर्षांची होते तेव्हापासून सांगते आहे. त्यात ही एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन फिरायचं म्हणजे मला एका जागी उभंसुद्धा राहवत नव्हतं. पायाला भिंगरीच लागली होती.

राजवाड्याच्या बागेत आम्ही बसलो, मी लगेच उठले. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून पाव आणि चीज खाल्लं, तेही मी उभ्यानंच. मग पाऊस आला म्हणून एका कॅफेत शिरलो. तिघांत एक कॉफी मागवली. वेटर बो-टाय लावलेला, चेहरा एखाद्या निवृत्त न्यायाधीशाचा. त्यानं कॉफीबरोबर चांदीसारख्या ताटलीत पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. तिथं एका कॉफीवर दिवसभर बसलं तरी कुणी उठवत नाही. लोक बसतातही. मला मात्र दहा मिनिटं निघेनात.

"चला, निघू या."

"कुठं?" फर्गल म्हणाला. "बाहेर पाऊस आहे, आत ऊब आहे. तुला मुंग्या चावतायत का?"

"एवढं मोठं शहर बघायला आलोय, आणि बसायचं काय?"

"मग तू बघून ये. आल्यावर आम्हाला सांग. तीनदा सांग."

एथना हसली. ती खिडकीकडे डावी बाजू करून बसली होती. बाहेरून घोडागाडी गेली, ओल्या दगडावर टापांचा आवाज आला, आणि तो पार कोपऱ्यावरून वळून जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मी जॅकेट चढवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले. काय करणार? तिथं बसून तिला असं ऐकताना बघत राहिले असते, तर मी सगळ्यांसमोर भोकाड पसरलं असतं.

सबंध सहलीत एथनानं स्वतःहून एकच गोष्ट मागितली होती. ऑपेरा. आता ही एथना काही ऑपेरावाली नव्हे. ती मार्केटात मासळीच्या गाळ्यावर उभी असते, मॅकरेल साफ करते आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करते. पण तिनं कुठंतरी ऐकलं होतं, की तिथं गाणाऱ्यांना माईक नसतो. "माईक नाही, स्पीकर नाही, काही नाही," ती म्हणाली होती. "नुसता माणसाचा गळा, आणि त्यानं एवढा मोठा हॉल भरतो. ते एकदा ऐकायचंय मला." ज्यांच्या खिशात काही नाही त्यांच्यासाठी तिथं उभं राहायची तिकिटं असतात, पिझ्झाच्या एका तुकड्याच्या भावात. त्यासाठी दुपारीच जाऊन रांगेत लागायचं. आम्ही लागलो. पाऊस थांबायचं नाव घेईना. रांगेतले जुने लोक घडीची स्टुलं आणि थर्मास घेऊन आले होते, आम्ही आपले भिजत उभे. कोटातून पाणी झिरपून एथनाचा लोकरी स्वेटर पार ओला झाला. तिचे ओठ निळे दिसायला लागले तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. ऑपरेशनच्या आधी सर्दी-ताप झालेला चालत नाही, हे तिच्या आईनं मला दहादा बजावलं होतं.

"तू आत जाऊन बस कुठंतरी. मी धरते जागा," मी म्हटलं.

"प्रत्येकानं आपापलं उभं राहायचं असतं. ती बघ ना ऐंशी वर्षांची म्हातारी उभी आहे."

"तिच्याकडे स्टूल आहे."

"ब्रोना, जरा गप्प उभी राहतेस का?"

राहिले. म्हणजे, एका पायावरून दुसऱ्या पायावर, पण राहिले.

शेवटी दार उघडलं. आत कोट आणि सामान घेऊन जाऊ देत नाहीत, सगळं कपड्यांच्या काउंटरवर द्यावं लागतं. तिथंही ही एवढी रांग. फर्गलला तिघांचे कोट, तिघांच्या सॅक देऊन मी तिथं उभं केलं आणि एथनाचा हात धरून पळत सुटले. मागून तो ओरडत होता, की मी काय तुमचं खेचर आहे का. त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

उभं राहायची जागा तळमजल्यावर अगदी मागे असते. पायऱ्यापायऱ्यांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे टेकायला कठडा. आम्ही पोचलो तेव्हा पुढच्या ओळीत माणसं थोडीच होती. पण कठड्याला मात्र ठिकठिकाणी काय काय बांधलेलं होतं. एक तांबडा रुमाल, एक रेशमी स्कार्फ, दोन-तीन लोकरी मफलर.

माझे डोळेच भरून आले. कारण आमच्याकडे हिवाळ्यात असंच असतं. नदीवरच्या पुलाच्या कठड्याला लोक आपले जुने कोट, टोप्या, मफलर बांधून जातात. ज्याला थंडी वाजत असेल त्यानं सोडून घ्यायचं, कुणाला विचारायचं नाही, कुणाचे आभार मानायचे नाहीत. मागच्या डिसेंबरात मी स्वतः आजोबांचा कोट तिथं बांधून आले होते. मी मनात म्हटलं, वा रे वा, व्हिएन्ना! एवढं गर्भश्रीमंत गाव, पण उभ्यानं ऐकणाऱ्या भिजलेल्या गरिबांची काळजी आहे यांना. सकाळपासून त्या कुत्रेवाल्या बायकांना मनात शिव्या घातल्या होत्या, त्या मी तिथल्या तिथं परत घेतल्या.

मग काय, त्यातला सगळ्यात जाड मफलर बघितला. गर्द हिरवा, नवाकोरा, अगदी मधोमध बांधलेला. तो सोडला आणि एथनाच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन गुंडाळला.

"कुणाचाय गं हा?" एथना म्हणाली.

"कुणाचाच नाही. कठड्याला होता."

"अय्या! इथंही बांधतात?"

"बांधतात म्हणजे काय, रांग लावलीय बघ. हवा तर दुसरा घे."

"नको, हा छान आहे. ऊब लागली." तिनं मफलरमध्ये नाक खुपसलं. "वासही श्रीमंत येतोय."

आणि मफलर सोडला तिथं कठड्यापाशी नेमकी एका माणसाची जागा रिकामी होती, रंगमंचाच्या बरोबर समोर. मी तिला तिथं उभं केलं. जरा तिरकी केली, डावा कान पुढे येईल अशी. स्वतः तिच्या मागच्या ओळीत घुसले. हॉल भरायला लागला. मागच्या ओळी तर अशा गच्च भरल्या, की फर्गल येईल तेव्हा त्याला कुठं कोंबायचं याची मला काळजी पडली. खाली वादक आपापली वाद्यं जुळवत होते. एथना दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती, आणि तिच्या पाठीकडे बघूनही मला कळत होतं की ती खूश आहे. त्या दिवसात पहिल्यांदा माझे पाय गप्प बसले.

तेवढ्यात मोहरीचा आणि सॉसेजचा वास आला आणि एक बाई ओळीतून वाट काढत येऊन एथनाशेजारी थांबली. पन्नाशीची असेल. केस घट्ट बांधलेले, चष्मा साखळीला.

"ही जागा माझी आहे," ती म्हणाली. मग तिचं लक्ष एथनाच्या गळ्याकडे गेलं. "आणि हा मफलरही माझाच आहे!"

एथनाच्या ऐवजी मीच बोलले. "काहीतरीच काय? जागा रिकामी होती."

"रिकामी नव्हती. मफलर बांधला होता."

"बांधला होता म्हणून तर घेतला!"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी बहुतेक वेड्यांच्या इस्पितळातून पळून आले असावे. शेजारचा एक मिशीवाला गृहस्थ मान पुढे काढून म्हणाला, "मुली, इथं मफलर बांधला की ती जागा त्या माणसाची होते. मग तो बाहेर जाऊन खाऊन-पिऊन येतो. या डॉक्टरबाई, आमच्या फ्राउ डॉक्टर, इथंच उभ्या राहतात, कायम. सगळ्यांना माहीत आहे."

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "आमच्याकडे कठड्याला मफलर बांधला, तर तो थंडी वाजणाऱ्यानं घ्यायचा असतो."

"दुसऱ्याचा?" फ्राउ डॉक्टर म्हणाल्या.

"बांधल्यावर तो दुसऱ्याचा राहतच नाही!"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. कुणीतरी जर्मनमध्ये काहीतरी बोललं, त्यावर आणखी चारजण हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गणवेशातला एक माणूस आला, त्यानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि अगदी अदबीनं सांगितलं, की हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण आहे. फ्राउ डॉक्टरांची जागा त्यांना द्यावी लागेल.

"सॉरी हं," एथना म्हणाली. तिची कानशिलं लाल झाली होती. "खरंच माहीत नव्हतं आम्हाला. मी जाते मागे." आणि ती मफलर सोडायला लागली.

मागे म्हणजे कुठं? मी वळून बघितलं. मुंगी शिरायला जागा नव्हती. एक कोपरा मोकळा होता तो भिंतीला लागून, खांबाच्या आड, वर बुटकं छत. तिथं उभं राहिलेल्या माणसाला दोन कान असते तरी अर्धंच ऐकू आलं असतं. आणि हिला एकच, तोही चार दिवसांचा पाहुणा. पावसात दुपारपासून उभी होती ती, एवढ्यासाठी. माझ्या मूर्खपणामुळे तिची ही एकुलती एक संध्याकाळ खांबाआड जाणार होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला अट-बिट काही आठवलं नाही. मी बाईंचा दंड धरला. आणि जी मी जन्मात कधी खालच्या पट्टीत बोलले नाही, ती मी, एकदम हळू, लोणी लावल्यासारख्या आवाजात म्हणाले, "प्लीज. तुम्हाला कळत नाहीये. तिचं ऑपरेशन आहे. त्यानंतर तिला काहीच ऐकू येणार नाही, कधीच नाही. बिचारीचं हे शेवटचं आहे हो."

आजूबाजूचं हसणं बंद झालं. फ्राउ डॉक्टरांचा चेहरा क्षणात पालटला. "अरेरे, माझ्या बाळा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी एथनाच्या पाठीवर हात ठेवला. "राहा, इथंच राहा. मफलरही राहू दे." मिशीवाला दोन पावलं मागे सरला. कुणीतरी दुर्बीण पुढे केली. कुणीतरी खोकल्याची गोळी. सगळे एथनाकडे बघत होते, मान तिरकी करून, आजारी मांजराच्या पिलाकडे बघावं तसं.

एथना फक्त माझ्याकडे बघत होती. मी तिला गटारात ढकललं असतं तरी तिनं असं बघितलं नसतं. तिनं गळ्यातला मफलर काढला, त्याची नीट घडी घातली, फ्राउ डॉक्टरांच्या हातात दिली, "थँक यू" म्हणाली आणि ओळीतून वाट काढत दाराकडे गेली.

दिवे मंद व्हायला लागले होते. मी तिच्या मागे धावले. दारात फर्गल भेटला, घामाघूम. "ही कुठं चाललीय? काय झालं?"

"तू आत जा! जागा धर!"

"कसली जागा? कुठली जागा?"

पण मी जिना उतरलेसुद्धा.

बाहेर पाऊस बारीक झाला होता. एथना दिसली नाही. मी कमानींखालून पळाले, ट्रामच्या थांब्यापर्यंत गेले, भुयारी रस्त्यात उतरून परत वर आले. अंगात कोट नाही, लोक वळून बघतायत. नखशिखान्त नटलेल्या बायका टाचा वाजवत उशिरा ऑपेराला चालल्या होत्या, त्यांच्यातून मी वेड्यासारखी घुसत होते. स्वतःला एवढ्या शिव्या मी आयुष्यात घातल्या नव्हत्या. अगं बये, एक गोष्ट सांगितली होती तुला, फक्त एक! चार दिवस तोंड बंद ठेवता येईना तुला? आणि आत गाणं सुरू झालं असणार. तो विनामाईकचा गळा हॉल भरत असणार. ज्यांना उद्याही ऐकू येणार होतं ते सगळे ऐकत होते, आणि जिला ऐकायचं होतं ती माझ्यामुळे रस्त्यावर. मला तिथंच फुटपाथवर बसून रडावंसं वाटलं. पण पाय थांबत नव्हते.

ती सापडली ऑपेराच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडच्या मोठ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर. ओल्या स्वेटरमध्ये, गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

मी जवळ गेले, डावीकडे. "एथना," मी हळूच म्हटलं, "बरी आहेस ना? थंडी वाजतेय का तुला? काही हवंय का? पाणी आणू?"

"परत!" ती एवढ्या जोरात किंचाळली की खालून जाणारा सायकलवाला दचकला. "परत तोच आवाज! बंद कर तो आवाज!"

"कुठला आवाज?"

"हाच! बरी आहेस ना, पाणी आणू का! आई असंच बोलते आता. सकाळी उठल्यापासून, चर्चमध्ये मेणबत्ती लावायला आल्यासारखी. आमचा ब्रेंडन, सख्खा भाऊ असून जन्मात कधी माझ्याशी धड बोलला नाही, 'ए मासळे' यापलीकडे हाक मारली नाही त्यानं मला. तो दारावर टकटक करून आत येतो आणि विचारतो, चहा घेणार का गं. गाळ्यावरची गिऱ्हाइकं भावसुद्धा करत नाहीत माझ्याशी! ज्याला ज्याला कळलं त्याचा त्याचा आवाज बदलला. माणसं तीच आहेत, पण आवाज एकाचाही त्याचा नाही. मग मी सोबत काय घेऊन जाऊ? आईचा आवाज आठवायला गेले तर हा दवाखान्यातला आवाज आठवायचा का मला जन्मभर?"

मी ओल्या पायरीवर टेकले.

"तुला काय वाटलं, ऑपेरासाठी आणलं मी तुम्हाला? ऑपेरा हवा होता, नाही कशाला म्हणू. पण ते परक्याचं गाणं. नाही ऐकलं तरी चालेल. तुम्ही दोघं तेवढे उरला होतात. तुमची ती कटकट, तुझी बडबड, याला टोमणे, त्याला शिव्या. म्हणून सांगितलं होतं, कुणी बोलायचं नाही. बोललात की तुमचाही आवाज जाणार, हे मला माहीत होतं. आणि तू तिथं त्या बाईसमोर... बिचारी म्हणालीस मला. बिचारी! तुझा नव्हताच तो आवाज."

ती हुंदके देऊन रडायला लागली. सॉरी म्हणायला मी तोंड उघडलं आणि माझं मलाच कळलं, की तो सॉरीसुद्धा त्याच लोणी लावलेल्या आवाजात निघणार आहे. दात गच्च मिटून घेतले. माझा स्वतःचा आवाज कसा असतो तेच मला आठवेना. एवढी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

तेवढ्यात जिन्याखालून आवाज आला. फर्गल. एक सॅक पाठीवर, एक पोटावर, एक फरपटत, आणि खांद्यावर तिन्ही कोट.

"जागा धर म्हणे! तीन जागा मी एकटा कशा धरू? तीन ढुंगणं आहेत का मला? दार लावलं, अंधार केला, एक जाडी बाई ओरडायला लागली, आणि चष्मेवाली दुसरी एक बाई माझा हात हातात घेऊन रडायला लागली! मी काय केलं तिला? आणि तुम्ही इथं पायऱ्यांवर हवा खात बसलाय! बाहेर पडलो तर परत आत सोडणार नाहीत म्हणाला तो दारावरचा. गेली तिकिटं! दुपारपासून भिजतोय मी, एक पाव खाऊन, आणि ऐकलं काय तर अर्धी किंकाळी!"

तो एकेक पायरी चढत, धापा टाकत बोलतच होता. आत काय घडलं ते त्याला माहीतच नव्हतं. एथनाचं रडणं थांबलं होतं. तिनं हळूच मान वळवली होती, डावी बाजू त्याच्याकडे करून, आणि डोळे मिटले होते.

ते बघितलं आणि मला एकदम राग आला. खराखुरा. स्वतःचा, फ्राउ डॉक्टरचा, त्या गाठीचा, आणि सगळ्यात जास्त हिचा.

"आणि तू!" मी म्हटलं. "तू काय गं, महाराणी लागून गेलीस? मी चुकले, मान्य! महामूर्ख आहे मी, माझ्या जिभेला हाड नाही, मान्य! पण म्हणून ताडकन निघून यायचं? कोट नाही, काही नाही! ती भवानी देत होती ना जागा? मग घ्यायची होती! माझा राग माझ्यावर काढायचा होता, नंतर, निवांत, विमानात बसून! सगळं गाव पालथं घातलं मी तुझ्यापायी, त्या भुयारात तर एक दारुडा लग्नच लावत होता माझ्याशी! परत असं न सांगता पळालीस ना, एथना, तर कानाखाली अशी वाजवीन..."

आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

फर्गल सॅकसकट पायरीवर थिजला. कुठंतरी ट्रामची घंटा वाजली. एथनानं डोळे उघडले.

"अशी वाजवशील की काय होईल?" ती म्हणाली.

"काही नाही गं."

"ब्रोना. पूर्ण कर."

"अशी वाजवीन," मी म्हटलं, "की पार कॉर्कला ऐकू जाईल."

"अजून जोरात."

"पार कॉर्कला ऐकू जाईल! तुझा ब्रेंडन अंथरुणातून खाली पडेल!"

तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही. मग ती जागेवरून सरकली, माझ्या अगदी लगत येऊन बसली, आणि डावा कान माझ्या तोंडाशी आणला.

"हां. हा तुझा," ती म्हणाली. "चल, पुढे बोल."

फर्गलनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. सॅक खाली टाकल्या, कोट एथनाच्या अंगावर फेकला आणि तिला म्हणाला, "हिला कशाला बोलायला लावतेस? आधी माझ्या तिकिटाच्या पैशांचं बोल, मासळे."

मी बोलायला लागले. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या मी पुसल्या नाहीत, कारण पुसायला थांबावं लागलं असतं. आवाज मात्र हलू दिला नाही.